आखूड हंगामाचे अर्थकारण : ऊसतोड मजुरीचा एक विचार

हंगामी धंद्यात उत्पन्न दिवसांवर अवलंबून असते; खर्च मात्र पुष्कळसा वर्षाचा असतो. हंगाम अपेक्षेहून लवकर संपला म्हणजे ही तूट कोणी सोसावयाची, हा प्रश्न उभा राहतो. प्रस्तुत लेखात हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात ऊसतोडीच्या मजुरीपुरता त्याचा विचार केला आहे.

१९९९ साली परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा या विचारास विशेष सोयीचा आहे. पूर्णा प्रकल्पाच्या पाण्यावर वसमत तालुक्यात ऊस वाढला आणि तेथे पूर्णा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. उलट सेनगावसारख्या कोरडवाहू भागातील मजूर तोडीसाठी बाहेर जातात. म्हणजे गाळप आणि स्थलांतर ही दोन्ही टोके एकाच जिल्ह्यात आढळतात.

हंगामाची लांबी किती बदलते हे राज्याच्या आकड्यांवरून दिसते. २०२१-२२ मध्ये महाराष्ट्रात सुमारे १३७ लाख टन साखर झाली व गाळप जून २०२२ पर्यंत लांबले. २०२४-२५ मध्ये उत्पादन सुमारे ८० लाख टनांवर आले आणि बहुतेक कारखाने मार्चअखेर बंद झाले. उसाची टंचाई हे याचे एक कारण होय. दुसरे कारण गाळपक्षमतेच्या वाढीचे. क्षमता वाढली की तेवढाच ऊस थोड्या दिवसांत संपतो. एका कोयत्याची, म्हणजे तोडणाऱ्या जोडप्याची, रोजची तोड मात्र फारशी वाढू शकत नाही. त्यामुळे अधिक कोयते लावावे लागतात आणि प्रत्येकाच्या वाट्याचे एकूण टन घटतात.

कारखान्याचे व्याज, दुरुस्ती आणि कायम नोकरांचे पगार हंगामाबरोबर आखडत नाहीत. कारखान्यातील हंगामी कामगारालाही बिगरहंगामी काळासाठी रिटेन्शन भत्त्याची तरतूद असते. ऊसतोड मजुराला अशी तरतूद नाही. त्याची मजुरी टनावर ठरते. जानेवारी २०२४ मध्ये या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली व तो टनामागे सुमारे ३६६ रुपये झाला. परंतु दर वाढला तरी दिवसांची हमी मिळाली नाही.

यात उचलीची भर पडते. हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली ही रक्कम पूर्ण हंगाम गृहीत धरून दिलेली असते. एक काल्पनिक हिशेब पाहू. एक कोयता दिवसाला २ टन तोडतो व त्याने ८०,००० रुपये उचल घेतली आहे असे मानू. १२० दिवसांत त्याची मजुरी ८७,८४० रुपये होते. उचल फिटून ७,८४० रुपये उरतात. ८० दिवसांत मजुरी ५८,५६० रुपयेच होते आणि २१,४४० रुपये अंगावर राहतात. हंगामातील खर्ची यात धरलेली नाही. ती धरल्यास तूट आणखी वाढते. ही बाकी पुढील हंगामावर चढते आणि मजूर त्याच मुकादमाशी बांधला जातो. आखूड हंगाम अशा रीतीने केवळ मिळकत कमी करीत नाही, तर पुढील वर्षी दर व मालक निवडण्याचे स्वातंत्र्यही हिरावून घेतो.

तुलनेसाठी अगदी निराळ्या क्षेत्रातील एक उदाहरण घेता येईल. २०२० साली महामारीमुळे अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलचा हंगाम १६२ सामन्यांऐवजी ६० सामन्यांचा झाला. खेळाडूंना सामन्यांच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे ३७ टक्के वेतन मिळाले. येथवर दोन्ही व्यवस्था सारख्याच आहेत. परंतु तेथील खेळाडू संघटनेने मार्च २०२० मध्येच करार करून १७ कोटी डॉलर आगाऊ मिळविले होते. हंगाम झाला तर ती रक्कम वेतनातून वळती व्हावयाची होती. तो मुळीच झाला नाही तर ती परत करावयाची नव्हती. उत्पन्नातील विषमता प्रचंड असल्याने ही तुलना एका मुद्द्यापुरतीच घ्यावी : आगाऊ रक्कम एका करारात विमा ठरते, दुसऱ्यात कर्ज.

हा भेद कामाच्या स्वरूपातून आलेला नाही. तो कराराच्या अटींतून आला आहे. तेव्हा ऊसतोडीच्या करारात किमान टनांची हमी असावी आणि हंगाम कारखान्याच्या अथवा निसर्गाच्या कारणाने आखडल्यास न फिटलेल्या उचलीचा भाग त्या प्रमाणात माफ व्हावा, असे सुचविता येते. अर्थात हा बोजा एकट्या मुकादमावर टाकणे व्यवहार्य नाही, कारण तोही कारखान्याकडून रक्कम उचलूनच पुढे देतो. गोपीनाथराव मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपावर टनामागे आकारणी करण्याचे तत्त्व शासनाने स्वीकारले आहे. अशा निधीचा एक भाग आखूड हंगामाच्या विम्यासाठी राखल्यास जोखमीची वाटणी अधिक न्याय्य होईल. मात्र अशा निधीत चांगल्या हंगामातच भर पडते. म्हणून लांब हंगामाच्या वर्षी केलेली शिल्लक आखूड वर्षासाठी जपणे, ही या योजनेची पहिली अट राहील.