भान हरपले, तर आधी साखर पाहा



सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या दवाखान्यात मी परिचारिका म्हणून काम करते. बाजाराच्या दिवशी आमच्याकडे पुष्कळदा असे होते, की चारपाच जण एखाद्याला उचलून आणतात. तो काहीतरी बरळत असतो, घामाने भिजलेला असतो, कोणाला ओळखत नाही. आणणारे सांगतात, "सिस्टर, जास्त प्यालाय." आजीबाई असेल तर "बाहेरचं झालंय" किंवा "म्हातारचळ लागलाय." मी बोटाला सुई टोचून रक्ताचा एक थेंब पट्टीवर घेते. यंत्रावर काही सेकंदांत आकडा येतो आणि कधी कधी तो 40 च्याही खाली असतो.

निरोगी माणसाची उपाशीपोटी साखर साधारण 70 ते 100 असते. आपल्या मेंदूचे वजन शरीराच्या अवघे 2 टक्के, पण आपण स्वस्थ बसलो असतानाही शरीराच्या ऊर्जेपैकी सुमारे 20 टक्के तो एकटा वापरतो. दिवसाला शंभरेक ग्रॅम ग्लुकोज त्याला लागते आणि साठवण जवळजवळ नाही. हातापायांचे स्नायू चरबी जाळून वेळ भागवतात, मेंदूला ते जमत नाही. म्हणून साखर 70 च्या खाली गेली की हात थरथरतात, छाती धडधडते, दरदरून घाम सुटतो. 54 च्या खाली गेली की विचारच अडखळतात. शब्द चुकतात, चाल वाकडी होते, शांत माणूस शिवीगाळ करतो. बघणाऱ्याला ते हुबेहूब दारूसारखे दिसते.

आणि तोंडाला दारूचा वास येत असला, तरी साखर तपासावीच लागते. आपण उपाशी असतो तेव्हा यकृत नवी साखर तयार करून रक्तात सोडते. दारू हेच काम अडवते. दिवसभर न जेवता महुआची प्यालेल्या मजुराची साखर त्यामुळे धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. अशा माणसाला "झोपू द्या, उतरेल" म्हणून ओट्यावर सोडून देणे जिवावर बेतते. अतिकुपोषित बालकांची साखर अशीच घसरते. तीव्र मलेरियातही ते होते, त्यामुळे तापात बेशुद्ध झालेल्या मुलाची साखर आम्ही सर्वांत आधी पाहतो.

आता शहरातल्या मंडळींसाठी थोडे. मधुमेहाच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ ग्लिमेपिराइड व ग्लिबेनक्लामाइड, आणि इन्सुलिन ही औषधे तुम्ही जेवलात की नाही हे पाहत नाहीत, साखर उतरवत राहतात. ग्लिबेनक्लामाइडचा असर तर फार वेळ टिकतो. 60 वर्षांवरील रुग्णांना ती योग्य नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या औषधयादीतच नमूद आहे. (नुसत्या मेटफॉर्मिनने साखर अशी सहसा उतरत नाही.) रविवारी सकाळी गोळी घ्यायची, चहावर भागवायचे, उपासना लांबली, त्यानंतर कमिटीची सभा, आणि जेवायला दोन! हा क्रम मी अनेक मंडळ्यांत पाहिला आहे. लेंटच्या दिवसांत उपवास धरणाऱ्या वडीलधाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारून गोळीची मात्रा आधीच बदलून घ्यावी.

असा माणूस शुद्धीवर असेल आणि त्याला गिळता येत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, गरज पडल्यास पुन्हा द्या, आणि बरे वाटले की भाकरी किंवा भात खाऊ घाला. गोळीमुळे उतरलेली साखर काही तासांनी पुन्हा उतरते, म्हणून त्या दिवशी त्याला एकटे सोडू नका आणि डॉक्टरांना दाखवा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नका, ते श्वासनलिकेत जाते. कुशीवर वळवा आणि 108 ला फोन करा.

वाढलेली साखर मात्र मेंदूला इतक्या घाईने गाठत नाही, म्हणून तिची भीतीही वाटत नाही. अपवाद एवढाच, की जुलाब-उलट्यांनी अंग सुकलेल्या मधुमेही वृद्धाची साखर 600 च्याही पुढे जाते आणि तो गुंगीत जातो. एरवी ती वर्षानुवर्षे बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती खराब करते. पायांच्या बोटांत मुंग्या येतात, डोळ्यांचा पडदा बिघडतो, हे आपल्याला ठाऊक असते. तशाच बारीक वाहिन्या मेंदूतही आहेत. तिथे विचार मंदावतो, हिशेब चुकू लागतो, नावे आठवत नाहीत. मधुमेहींना स्मृतिभ्रंशाचा धोका इतरांच्या सुमारे दीडपट असतो.

दुसरी गोष्ट दाहाची. जखम झाली, जंतू शिरले की शरीराच्या रक्षक पेशी जाग्या होतात आणि रक्तात रासायनिक निरोप सोडतात. फ्लूच्या तापात डोके चालत नाही, वाचलेले कळत नाही, कोणाशी बोलावेसे वाटत नाही. बहुतेक वेळा जंतू मेंदूत गेलेला नसतो, हे निरोप तिथे पोचलेले असतात. ताप उतरला की तेही थांबतात. पण पोटाभोवतीची चरबी, पिकलेल्या हिरड्या, तंबाखू, पायाची न भरणारी जखम यांच्यामुळे ते थोडे थोडे चालूच राहतात. पाड्यावरचे कुत्रे चोर नसतानाही रात्रभर भुंकत राहावे, तसे. झोप कोणाचीच होत नाही. या दाहामुळे इन्सुलिनचे काम बिघडते, साखर वाढते, आणि वाढलेली साखर पुन्हा दाह वाढवते.

म्हाताऱ्या माणसात हे फार ठळक दिसते. कालपर्यंत नीट बोलणारी आजी आज मध्यरात्री उठून गुरांना हाका मारते, सुनेला ओळखत नाही. म्हातारचळ एका रात्रीत येत नाही. असा बदल अचानक झाला, तर साखर तपासावी, लघवीत जंतुसंसर्ग आहे का पाहावे, छाती ऐकावी, पायाचे तळवे निरखावेत. कारण सापडून उपचार झाले, तर बऱ्याच जणी काही दिवसांत पूर्ववत होतात. मेटफॉर्मिन अनेक वर्षे घेणाऱ्यांचे ब 12 जीवनसत्त्वही तपासून घ्यावे. ते कमी झाले तरी विसराळूपणा येतो, आणि तो वेळीच ओळखला तर भरून काढता येतो.

स्मरणशक्ती वाढवणाऱ्या पावडरींवर लोक हजारो रुपये घालवतात, याचे मला वाईट वाटते. तेवढ्यात वर्षभराच्या तपासण्या होतील. रोज चालणे, रक्तदाब ताब्यात ठेवणे, तंबाखू सोडणे, दात साफ ठेवणे यांचा उपयोग खात्रीचा आहे. आमच्या भागात ज्वारी, मका, बंटी, डाळ आणि रानभाज्या हे जेवण होते. आता बिस्किटचा पुडा आणि गोड चहा हाच पुष्कळांचा नाश्ता झाला आहे. मात्र वयोवृद्धांची साखर तरुणांइतकी खाली आणण्याचा हट्ट धरू नये. त्यात ती एकाएकी उतरण्याचा धोका अधिक.

एक सूचना आदिवासी भागात काम करणाऱ्यांसाठी. तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी, जिला एचबीएवनसी म्हणतात, ती तांबड्या पेशींवर अवलंबून असते. या पेशी साधारण 120 दिवस जगतात. सिकलसेल आजारात त्या फार लवकर मरतात, त्यामुळे साखर जास्त असूनही आकडा कमी दिसतो. मोठ्या शहरातील डॉक्टरांना प्रत्येक वेळी हे सुचेलच असे नाही. तेव्हा अशा रुग्णाला तपासणीसाठी घेऊन जाल, तेव्हा सिकलसेलचे कार्ड आधी दाखवा आणि उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखर वेगळी मोजून मागा.