तारखांची वजाबाकी

कला शाखेच्या विद्यार्थ्याला संगणकाशी काय कर्तव्य, असे पुष्कळांना वाटते. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला पावलोपावली तारखांचा हिशेब करावा लागतो आणि आज तो बहुधा संगणकावरच सोपविला जातो. तेव्हा संगणक हा हिशेब कसा करतो व कोठे फसवतो, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

महिने कधी तीस दिवसांचे, कधी एकतीस. फेब्रुवारीची तर तऱ्हाच न्यारी. त्यामुळे तारखांची सरळ वजाबाकी होत नाही. यावर ‘पायथन’ या संगणकभाषेने योजलेला उपाय सोपा आहे. इसवी सन १ मधील १ जानेवारी हा पहिला दिवस धरून ती प्रत्येक तारखेला एक क्रमांक देते. मग उरते ती क्रमांकांची वजाबाकी. १५ ऑगस्ट १९४७ पासून २६ जानेवारी १९५० पर्यंत किती दिवस? उत्तर येते ८९५. ही कल्पना आपल्याला नवी नाही. आपले ज्योतिषी असाच ‘अहर्गण’ काढीत. आकडा फुगू नये म्हणून गणेश दैवज्ञांनी ‘ग्रहलाघवा’त (शके १४४२) अकरा-अकरा वर्षांची चक्रे योजली.

पहिली अडचण येते ती माणसाकडून. आपण टंकतो ती तारीख संगणकाच्या लेखी नुसती अक्षरे असतात. ०५/०६/२०२४ म्हणजे आपल्याकडे ५ जून, पण अमेरिकेत ६ मे! म्हणून आधी दिवस, मग महिना, मग वर्ष, हा क्रम आज्ञावलीत स्पष्ट सांगावा लागतो. ३० फेब्रुवारी लिहिल्यास पायथन चूक दाखवून थांबते. पण ५ जूनचा ६ मे झाला तर तीही तारीख खरीच असल्यामुळे कोणीच तक्रार करीत नाही.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. पायथन आजची ग्रेगोरियन कालगणना मागील सर्व शतकांना सरसकट लावते. ही गणना १५८२ मध्ये सुरू झाली. पोर्तुगालने ती त्याच वर्षी स्वीकारली. इंग्रजांनी मात्र १७५२ पर्यंत जुनी ज्युलियन गणनाच चालविली. सतराव्या शतकात दोहोंत दहा दिवसांचे अंतर होते.

याचा परिणाम पाहा. जेधे शकावलीप्रमाणे शिवरायांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, शुक्रवारी झाला. पायथनला १९ फेब्रुवारी १६३० चा वार विचारला तर ती मंगळवार सांगते! शकावली खोटी नव्हे आणि संगणकही बिघडलेला नव्हे. १९ फेब्रुवारी ही ज्युलियन तारीख आहे. ग्रेगोरियन गणनेने तो दिवस १ मार्च होतो. १ मार्च दिला की उत्तर शुक्रवार येते.

म्हणून सुरतेच्या इंग्रज वखारीतले पत्र आणि गोव्याचे पोर्तुगीज पत्र शेजारी ठेवताना दोन्ही तारखा आधी एका गणनेत आणाव्यात आणि वार पडताळून पाहावा. नाहीतर मागची घटना पुढे जाईल आणि कार्यच कारण होऊन बसेल. वजाबाकी संगणकाने करावी. कोणत्यातून काय वजा करायचे, हे मात्र अभ्यासकानेच ठरविले पाहिजे.