नाणेघाट ते फांगणे: बायकांच्या इतिहासाचा मुलूख

आसनगावला उतरणाऱ्या ट्रेकरांना माहुलीचे सुळके खुणावत असतात. १६३६ साली या गडाला वेढा पडला तेव्हा शहाजीराजांसोबत जिजाबाई आणि लहानगे शिवाजीराजे वर होते, एवढं इथला कुठलाही वाटाड्या सांगतो. त्या शिबंदीचं दळण कोण दळत होतं, टाक्यातलं पाणी कोण शेंदत होतं, हे कुणी विचारत नाही. शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात बायकांचा इतिहास धुंडाळायचा तर तो बहुतेक असा, न विचारलेल्या प्रश्नांतून धुंडाळावा लागतो. अपवाद एक आहे, आणि तो भलताच मोठा आहे.

कल्याणहून माळशेजकडे जाताना मुरबाडच्या पुढे वैशाखरे लागतं. तिथून डोंगरावर चढणारी जुनी व्यापारी वाट म्हणजे नाणेघाट. पायथा मुरबाडात, माथा जुन्नर तालुक्यात. माथ्याजवळच्या लेण्यात भिंतींवर ब्राह्मी लिपीतला प्राकृत लेख आहे, सातवाहन राणी नागनिकेचा, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. राजा सातकर्णी गेल्यावर लहान मुलांच्या वतीने तिनेच कारभार पाहिला, असं अनेक अभ्यासक मानतात. लेखात अश्वमेधासह अनेक यज्ञांची यादी आहे आणि दक्षिणेचा हिशेब आहे: गाई किती, घोडे किती, हत्ती किती, कार्षापणं किती. भारतातल्या अंकलेखनाच्या अगदी जुन्या पुराव्यांत या लेखातले आकडे धरले जातात. म्हणजे या घाटवाटेवरचा सर्वांत जुना जमाखर्च एका विधवा बाईच्या नावावर आहे! त्याच लेण्यात राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती ओळीने कोरल्या होत्या. आज मूर्ती गेल्यात, वरची नावं तेवढी उरलीत. त्यात तिचंही आहे.

याच मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचं छोटं गाव आहे. ८ मार्च २०१६ रोजी, महिला दिनी, तिथे ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांची ही कल्पना; मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टने हात दिला. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी साड्या नेसून, खांद्याला दप्तर लावून, पाटी-पेन्सिल घेऊन दुपारी वर्गात बसू लागल्या. शिकवायला गावातलीच एक सून, आणि तिच्या विद्यार्थिनींत तिची सासूबाई. सकाळची कामं उरकून, जेवणं आटोपून मग शाळा, असं वेळापत्रक. आपल्याकडे शाळा सहसा बायकांच्या कामाच्या वेळा बघून भरत नाही, ही भरली. गुलाबी रंगाचंही तसंच. त्या वर्गात विधवा आज्याही होत्या, आणि नवरा गेल्यावर बाईच्या अंगावरचा रंग कसा उतरवला जातो हे गावात राहिलेल्याला सांगायला नको. आयुष्यभर अंगठा लावलेल्या हातांनी तिथे स्वतःचं नाव गिरवलं. जगभरच्या वाहिन्यांनी फांगण्याची वाट धरली ती उगीच नाही.

नागनिकेचा लेख आणि फांगण्याच्या पाट्या यांच्यामध्ये दोन हजार वर्षं आहेत. त्या काळात इथल्या बाईने लिहून ठेवलेलं जवळपास काही नाही. जे आहे ते हातात आणि गळ्यात. म्हणूनच तिचा इतिहास कपाटात मावत नाही.

कपाटातलं काम मोलाचं नाही असं नव्हे. पुण्यात दिनकर केळकरांनी, म्हणजे कवी अज्ञातवासींनी, १९२०च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली आणि अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने संग्रहालय उभं केलं. फणी-करंडे, वज्री, अडकित्ते, दिवे, स्वयंपाकघरातली भांडीकुंडी; इतिहासकार तलवारी मोजत होते तेव्हा हा माणूस वज्र्या गोळा करत होता. कोल्हापूरजवळ कणेरी मठावर त्याच्या पुढची पायरी आहे: सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालयात बलुतेदार, शेतकरी, घरंदारं पुतळ्यांतून उभी केली आहेत. पाहणारा खूश होतो. पण पुतळ्याला घाम येत नाही. स्वीडनमध्ये आर्थर हाझेलिउसने १८९१ साली स्टॉकहोमला स्कानसेन उघडलं. जुनी घरं उचलून आणून पुन्हा बांधायची आणि त्यांत त्या काळच्या वेशातली माणसं खरोखर काम करताना दाखवायची, ही त्याची रीत. जिवंत संग्रहालयांची कल्पना तिथून पसरली. बाईच्या इतिहासाला हीच रीत लागू पडते, कारण तो कामात दडलेला आहे आणि काम थांबलं की तोही थांबतो.

जात्याचंच घ्या. अंगणात कुंडीखाली पालथं पडलेलं जातं हल्ली शोभेची वस्तू झालं आहे. चालतं जातं वेगळंच. दोघी समोरासमोर बसणार, एक पाय पसरलेला, एक दुमडलेला. खुंट्यावर दोघींचे हात, एकीने ओढायचं, दुसरीने ढकलायचं; मोकळ्या हाताने मुखात मूठमूठ धान्य टाकायचं. घास मोठा पडला की भरडा निघतो, लहान पडला की तळ्या नुसत्याच घासतात आणि पिठात कच येते. नाचणीचं दळण वेगळं, तांदळाचं वेगळं. तळ्या गुळगुळीत झाल्या की टाकी लावून घ्यावी लागते. ‘टाकी लावायची का’ अशी हाळी देत बायका गावोगाव फिरत. पहाटेच्या त्या घरघरीवर ओवी बसलेली असते. सासर, माहेर, भाऊ, विठ्ठल, सीतेचा वनवास, सगळं त्यात. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या आता ‘परी’ या ग्रामीण भारताच्या डिजिटल संग्रहात वाचायला-ऐकायला मिळतात. गिरणी आली, बायकांचे हात सुटले, हे चांगलंच झालं. पण म्हातारीला नुसतं ‘ओवी म्हण’ म्हटलं तर ती आठवत बसते. खुंटा हातात द्या, मग बघा.

वारल्यांच्या लग्नचौकाची गोष्ट याच्या उलट. तिथे कला टिकली आणि बायका मागे पडल्या. लग्नघरी शेणा-गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहायचा मान सवाशिणींचा. मधे पालघट देवी. धवलेरीने गाणी म्हटल्याखेरीज लग्न लागत नाही. म्हणजे इथे भटजीचं काम बाई करते. १९७०च्या दशकात चित्रं भिंतीवरून कागदावर आली, जिव्या सोमा म्हसे यांच्या हातून जगभर गेली. त्यांच्या थोरवीबद्दल वाद नाही. पण आज मुंबईच्या हॉटेलात ती चित्रं पाहणाऱ्याला हा बायकांचा वारसा आहे हे ठाऊक नसतं. पाटीवर एक ओळ जास्त लिहिली तर काय बिघडेल?

वारल्यांच्या लढ्यातही बायका अशाच मागे पडल्या. गोदावरी परुळेकरांचं नाव ठाणे जिल्ह्यात वेगळं सांगायला नको. १९४५ साली इथून जवळच टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, पुढे वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा उठाव झाला. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या त्यांच्या पुस्तकात ते सारं आहे. त्या मोर्चांत चाललेल्या आदिवासी बायका मात्र बहुतेक बिननावाच्याच राहिल्या.

अशा बायकांच्या कामाचं जिवंत संग्रहालय आसनगाव-शहापूरकडे कधी उभं राहिलं, तर पहिल्या खोलीत मी हंडे ठेवीन. तानसा धरण १८९२चं, मागून भातसा आलं. मुंबईचे नळ या तालुक्याच्या पाण्यावर चालतात आणि उन्हाळ्यात इथल्याच पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो पाणी. वर भांड्याचं वजन. डोक्यावर दोन, कमरेवर एक. पाहुण्याने त्यातला एक चढावर शंभर पावलं नेऊन दाखवावा आणि मगच पुढच्या खोलीत जावं.

सावधगिरीही हवी. ‘चुलीवरची भाकरी’ हल्ली महामार्गालगत दर दोन ढाब्यांआड मिळते, रिसॉर्टात नऊवारीतली बाई जात्यावर बसवून फोटो काढतात. धूर नाही, डोळ्यांत पाणी नाही, पहाटेचे चार नाहीत. महिला दिनाचंही बहुधा हेच होतं: हळदीकुंकू, संगीत खुर्ची, एक भाषण, गुलाबाचं फूल. आज्यांना बोलावलंच तर सत्काराला, शिकवायला नाही.

त्यांना शिकवायला बोलवावं. उकड काढून तांदळाची भाकरी हातावर कशी फिरवायची, सुपातून कणी आणि कोंडा वेगळा कसा पाखडायचा, कुठली रानभाजी पहिल्या पावसात खायची आणि कुठली उकळून पाणी टाकल्याशिवाय खायची नाही, हे त्यांनी उभ्या उभ्या दाखवावं, शहरातल्या पोरांनी करून पाहावं, चुकावं, बोलणी खावीत. आणि या कामाला मानधन नको, पगार हवा. महिन्याच्या महिन्याला, तिच्या स्वतःच्या खात्यात, सही करून घेतलेला. संग्रहालयाच्या अंदाजपत्रकात ही रक्कम इमारतीच्या आधी लिहावी. नागनिकेने आपला जमाखर्च दगडावर कोरला होता. इथे मस्टर पुरे.