औषधांच्या कारखान्यातील अदृश्य धूळ

रोग्याला जे औषध वैद्याच्या सल्ल्याने तोलूनमापून दिले जाते, तेच ते घडविणाऱ्या कामगाराच्या श्वासातून, त्याला कोणताही रोग नसताना, बेहिशेबी शरीरात शिरू शकते, ही गोष्ट बेंगळुरूच्या औषधनिर्मितीचे कौतुक करणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. पेनिसिलीनच्या धुळीने कामगारांना दमा जडल्याच्या, संततिनियमनाच्या गोळ्या बनविणाऱ्या पुरुषांचे स्तन वाढल्याच्या नोंदी वैद्यकाच्या दप्तरी आहेत. अवयवरोपणानंतर देण्यात येणारे टॅक्रोलिमस, जे बेंगळुरूची बायोकॉन तयार करते, ते तर प्रतिकारशक्तीच दडपते; अशा अतिप्रभावी द्रव्यांचे हवेतील प्रमाण सामान्यतः दर घनमीटरला 10 मायक्रोग्रॅमच्याही खाली राखावे लागते. इतकी धूळ डोळ्यांना दिसत नाही (आणि सारी गफलत होते ती इथेच!), म्हणून भुकटी बंद पात्रांतच हाताळणे, दूषित हवा शोषून गाळणे आणि केरसुणीऐवजी ओल्या फडक्याने जमीन पुसणे, हे खरे उपाय होत, मुखवटा त्यांच्या मागून येतो, जरी स्वस्त म्हणून काही कारखानदार त्यावरच भिस्त ठेवीत असले तरी. कारखाने अधिनियमाच्या 1987 च्या दुरुस्तीने घातक प्रक्रियांतील कामगाराला स्वतःच्या आरोग्याच्या नोंदी पाहण्याची मुभा दिली. अशा कामावर असलेल्या वाचकाने आपल्या तपासणीचे कागद निःसंकोच मागावेत.