स्वस्तातली जुनी मोटार घेताय? आधी बॉनेट उघडा!

मैत्रिणींनो, बाजारात वांगीसुद्धा आपण दाबून, उलटीपालटी करून घेतो. साडीचा पोत बोटांनी चोळून पाहतो. मिक्सर घ्यायचा तर चार दुकानं हिंडतो. पण मोटारीचा विषय निघाला की पदर खोचून स्वयंपाकघरात! ‘ते पुरुषांचं काम, बाई.’ पैसा जातो तो मात्र दोघांच्या संसारातून, आणि बहुतेक वेळा आपण डाळीच्या डब्यामागे राखून ठेवलेला.

आमच्या बाभुळगावसारख्या गावात चारचाकीची हौस म्हणजे नुसती मिरवणूक नव्हे, हे आधीच सांगते. दिवसा एस.टी. आहे, काळीपिवळी आहे. पण घरात म्हातारं माणूस असलं आणि रात्री त्याला धाप लागली, की यवतमाळ फार दूर वाटायला लागतं. माझ्या सासूबाईंना दमा आहे. महिन्यातून दोनदा तरी यवतमाळच्या वाऱ्या होतात. त्यामुळे गेल्या हिवाळ्यात ‘पासष्ट हजारांत गाडी मिळतेय’ असं सांगत हे घरी आले, तेव्हा माझंही मन हललंच. गाडी पंधरा वर्षांची, रंग झकास, आतल्या गाद्या नव्या. फक्त ‘जराशी गरम होते’. मालकाचे शब्द असे, की ‘दहा रुपयाचं काम हाय, मी कराचं म्हणत होतो, राहून गेलं.’

आता तुम्हीच विचार करा. काम दहा रुपयांचं असतं, तर ते करून घेऊन त्याने गाडी नव्वद हजारांना विकली नसती का?

आपल्याकडे बैलबाजारात जाणारा शेतकरी काय करतो? जबडा उघडून दात पाहतो, दोनदाती आहे की जुळलेला ते ठरवतो, चालवून पाहतो, पाठीवर थाप मारतो. मालकाच्या तोंडाकडे पाहत नाही. मोटारीचंही तसंच आहे, आणि त्यातल्या निम्म्या गोष्टी पाहायला मेकॅनिक लागत नाही, घरातली बाई पुरते.

गाडी पाहायला सकाळी लवकर जा, आणि मालकाला आधीच सांगा की ‘आम्ही येईपर्यंत सुरू करू नका’. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर समजावं की गाडी आधीच तापवून ठेवलीय. थंड इंजिन आपलं दुखणं लपवत नाही, तापलेलं लपवतं. इंजिन कालच धुऊन लखलखीत केलेलं दिसलं तरी हुरळून जाऊ नका. तेल कुठून गळतं त्याच्या खुणा अशा धुतल्या जातात. मग ऑइल ओतायचं झाकण उघडून आतली बाजू बघा. तिथं दुधाळ, चहाच्या सायीसारखा थर असेल तर बरेचदा ऑइलमध्ये पाणी मिसळलेलं असतं. थोडं थोडं अंतर चालणाऱ्या गाडीत हिवाळ्यात हलका थर वाफेनेही धरतो, म्हणून ऑइल मोजायची पट्टी काढून तीही पुसून पाहावी. पट्टीवरचं ऑइलही दुधाळ असेल, तर सौदा तिथेच थांबवायचा. रेडिएटरचं झाकण मात्र इंजिन थंड असतानाच उघडायचं हो, गरम असताना उघडलं तर उकळतं पाणी अंगावर येतं.

धुराचंही एक शास्त्र आहे. सायलेन्सरमधून निळसर धूर आला, तर इंजिन ऑइल जाळतंय, म्हणजे पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील गेलेत. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, त्याचा इलाज बहुधा स्वस्तात होतो. पांढरी वाफ थंडीत सुरुवातीला येतेच, पण ती थांबेचना, वास गोडसर आणि पाणी रोज कमी होतंय, असं असेल तर हेड गॅस्केटचा संशय घ्यायचा. काही जण विकण्याआधी दाट ऑइल भरतात. त्याने आवाज आणि धूर काही दिवस दबतो, म्हणून निदान अर्धा तास गाडी चालवून, चढावर ओढून पाहावी.

आमच्या गाडीबाबत गावातल्या ओळखीच्या मेकॅनिकला सोबत नेलं. त्याचे पाचशे रुपये मी आधी हातावर ठेवले, कारण फुकट सल्ला देणाऱ्याला खरं बोलायचा संकोच वाटतो. त्याने झाकण पाहिलं, ऑइलची पट्टी पाहिली, इंजिन अर्धा तास चालू ठेवलं आणि ह्यांना बाजूला घेऊन म्हणाला, ‘भाऊ, हेड उघडल्याबिना काही सांगता येत नाही. नशीब चांगलं असलं तं थर्मोस्टॅट नाहीतर पंखा, नाही तं हेड वाकडं झालं असन.’

इथेच सगळा प्रश्न आहे बघा. गाडी ‘गरम होते’ या दोन शब्दांत हजार-दोन हजारांचंही काम बसतं आणि चाळीस हजारांचंही. रेडिएटरचा पंखा, थर्मोस्टॅट, पाण्याचा पंप, फुटका पाइप, ही कामं परवडण्यासारखी. पण तापलेली गाडी तशीच दामटली असेल, तर ॲल्युमिनियमचं हेड वाकतं, गॅस्केट फुटतं, आणि मग लेथवर फेसिंग, रिंगा, बोअर असं करत करत सगळं इंजिन खाली उतरतं. शिवाय पारख हिवाळ्यात चाललेली! जी गाडी जानेवारीत ‘जराशी’ गरम होते ती आपल्या मे महिन्याच्या पंचेचाळीस अंशात काय करील? सासूबाईंना घेऊन भर दुपारी आम्ही रस्त्याच्या कडेला, हे चित्र काही माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

रात्री मी वहीत हिशेब मांडला. पासष्ट हजार गाडीचे, चाळीस इंजिनाचे, टायर, बॅटरी, विमा वेगळा. गाडीची पंधरा वर्षं भरत आलेली, म्हणजे फेरनोंदणी आली. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीचं हे शुल्क सहाशेवरून पाच हजारांवर गेलंय, वीस वर्षांवरच्या मोटारीला ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार, आणि आपल्या राज्यात वर पर्यावरण कर. पलीकडे यवतमाळला जाऊन यायचे भाड्याच्या गाडीचे बाराशे, महिन्यातून दोनदा, वर्षाचे अठ्ठावीस हजार आठशे. हे म्हणाले, ‘तू हौसेची किंमत धरतच नाहीस.’ धरली होती. पण ते पैसे सोयाबीनचे आणि माझ्या शाळेच्या मानधनाचे होते, आणि मुलीची अकरावी तोंडावर होती.

आम्ही मालकाला एकच म्हटलं. हेड आमच्या मेकॅनिकसमोर उघडा. किरकोळ निघालं तर उघडण्याचा खर्च आमचा आणि गाडीही तुमच्या भावात घेतो. मोठं निघालं तर दुरुस्तीचा सगळा खर्च किमतीतून वजा. तो ‘पाहतो’ म्हणाला, आणि त्याचा फोन आला नाही. हे दोन दिवस जेवणावर नीट बोलले नाहीत. रात्रीबेरात्रीसाठी भाड्याच्या दोन गाड्यांचे नंबर आणि १०८ रुग्णवाहिकेचा क्रमांक (ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे) देवघराशेजारी लिहून चिकटवलेत. शोध चालूच आहे.

तुमच्याकडे असा सौदा जमत आलाच, तर आणखी दोन गोष्टी. नागपूरला २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे पावसाने हाहाकार केला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, कितीतरी मोटारी बुडाल्या. पुरात बुडालेली गाडी वाळवून, चकचकीत करून विकली जाऊ शकते. पायाखालचं मॅटिंग उचलून गाळ, कुबट वास पाहा. सीटखालचे रूळ गंजलेत का पाहा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाण्याची रेघ दिसते का तेही पाहा.

दुसरं कागदांचं. एम.एच. २९ सोडून दुसऱ्या जिल्ह्याची किंवा परराज्यातली पाटी असेल तर ना-हरकत दाखला मागा. कर्ज होतं का, ते आर.सी. बुकावर कळतं, असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ हवा. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन गाडी ताबडतोब स्वतःच्या नावावर करा, आणि कधी तुम्ही विकणार असाल तर घेणाऱ्याच्या नावावर झाली की नाही याचा पाठपुरावा करा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगितलंय, की गाडी प्रत्यक्षात कुणाच्याही हातात असो, नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची. विम्याचा कागदही त्याच आठवड्यात आपल्या नावावर करून घ्या.