सातारेन्सिस
सातारेन्सिस हे जीवशास्त्रीय नामकरणात वापरले जाणारे लॅटिन विशेषण आहे. त्याचा अर्थ 'साताऱ्याचा', 'सातारा परिसरात आढळणारा' असा होतो.

व्युत्पत्ती
'एन्सिस' हा लॅटिनमधील स्थलवाचक प्रत्यय आहे. कॅनी या गावाच्या नावापासून 'कॅनेन्सिस' हे विशेषण बनले, त्याच पद्धतीने 'सातारा'मधील अंत्य स्वराचा लोप होऊन 'सातारेन्सिस' हे रूप सिद्ध होते. सांगलीपासून 'सांगलिएन्सिस' होईल.

व्याकरणिक रूपे
हे तृतीय गणातील विशेषण आहे. प्रथमा एकवचनात पुल्लिंगी व स्त्रीलिंगी रूप 'सातारेन्सिस' असे एकच असते. नपुंसकलिंगी रूप 'सातारेन्से' होते. प्रथमेच्या अनेकवचनात अनुक्रमे 'सातारेन्सेस' व 'सातारेन्सिया' ही रूपे येतात.

जातिवाचक पद विशेषण असल्यास त्याचे लिंग प्रजातीच्या नावाशी जुळावे लागते. कोयना परिसरातील एका भेकाला १९६३ मध्ये सोमण यांनी 'बुफो कोयनायेन्सिस' हे नाव दिले. २००९ मध्ये ही जाती 'झॅन्थोफ्रायने' या नव्या प्रजातीत गेली. बुफो पुल्लिंगी व झॅन्थोफ्रायने स्त्रीलिंगी असूनही विशेषण बदलावे लागले नाही. क्लोरोफायटम हे नाव मात्र नपुंसकलिंगी असल्याने गोठणे या स्थलनामावरून 'क्लोरोफायटम गोठानेन्से' असे रूप झाले.

'सह्याद्रि'पासून बनलेले विशेषण तिन्ही लिंगांत बदलते: सह्याद्रिकस, सह्याद्रिका, सह्याद्रिकम. म्हणून 'शेषगिरिया सह्याद्रिका', पण 'ॲरिसेमा सह्याद्रिकम'. मराठीतही असाच भेद आहे. 'चांगला, चांगली, चांगले' हे विशेषण लिंगानुसार बदलते. 'सातारी' बदलत नाही.

दोन लेखनरूपे
कास पठारावर आढळणाऱ्या वायतुरा या जलवनस्पतीचे शास्त्रीय नाव 'ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस' असून ते १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. वरद गिरी व आरॉन बाउअर यांनी २००८ मध्ये चाळकेवाडी पठारावरील पालीला 'हेमिडॅक्टिलस साताराएन्सिस' हे नाव दिले; येथे अंत्य 'आ' कायम आहे. वनस्पती व प्राणी यांच्या नामकरणसंहिता स्वतंत्र आहेत आणि दोन्हींत मूळ लेखनाला सामान्यतः प्राधान्य असते. त्यामुळे एकाच गावाच्या नावावरून बनलेली ही दोन्ही रूपे ग्राह्य आहेत आणि एकाच्या नमुन्यावर दुसरे बदलता येत नाही.