सुपरसेमार

जावा बेटात पांडवांची कथा चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्या पाडून रात्रभर दाखवितात. तीत आपल्या महाभारतात नसलेला एक गडी आहे, सेमार. पोट सुटलेला, थट्टेखोर, अर्जुनाचा चाकर. पण मूळचा देव, म्हणून धन्यालाही खडसावतो. रयतेला तो आपला वाटतो, यात आम्हा कामगारांस नवल नाही.

११ मार्च १९६६ रोजी सुकार्नोंनी सेनापती सुहार्तोंस अधिकार देणाऱ्या हुकमावर सही केली. हुकमाच्या नावातली अक्षरे जुळवून ‘सुपरसेमार’ शब्द घडविला गेला. हुकूम किती जणांनी वाचला असेल? सेमार मात्र घरोघरचा! दुसऱ्याच दिवशी कम्युनिस्ट पक्षावर बंदी आली. सुहार्तोंची सत्ता १९९८ पर्यंत टिकली.

सेमारचा मुलगा पेत्रुक राजा होतो, अशीही एक कथा तिथे आहे. ती कुठल्या हुकमाला जोडलेली आम्ही ऐकली नाही.